खिशातला कांदा

कांद्याची गोणी घरात आली की आमचा उन्हाळा सुरू होतो. त्याआधी ऊन कितीही तापो, गच्चीवरच्या टाकीतल्या गरम पाण्याने आंघोळीचं पाणी तापवायचं काम वाचो, आमच्या आकुर्डीच्या घरात उन्हाळा लागला असं मी मानत नाही. गोणी गॅलरीत येते, तिची शिवण उसवली जाते, कांदे जुन्या चादरीवर पसरले जातात आणि मग कितीतरी दिवस सगळ्या घराला तो कोरडा, मातकट, जरासा गोडसर वास येत राहतो. पंखा लावला की सालपटं उडतात. ती पलंगाखाली जातात, टीव्हीमागे जातात, एकदा तर आमच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक सापडलं. पावसाळा येईपर्यंत मी सालपटं झाडत असते आणि बडबडत असते. मी फार बोलते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

यंदाही गोणी आली. परवा चादर पसरून बसले, पहिला कांदा हातात घेतला आणि तो खाली ठेवायचं विसरूनच गेले. गेल्या वर्षी याच दिवसांत असाच एक चाकणचा कांदा ड्रेसच्या खिशात घालून मी जैसलमेरला गेले होते. एकटी.

मे महिन्यात जैसलमेरला कोण जातं? शहाणी माणसं डिसेंबरात जातात, स्वेटर घालून उंटावर बसतात आणि फोटो काढून परत येतात. पण शहाण्या माणसांना डिसेंबरात रजा मिळते. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर आहे. रंगीत वायरींच्या वेण्या घालायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर बसवायचे. आमची मोठी सुट्टी एकच, मे महिन्यातला शटडाऊन. मशिनींच्या दुरुस्तीसाठी कंपनी आठवडाभर बंद राहते आणि इकडचा सगळा पट्टा बघता बघता रिकामा होतो. बीडची माणसं बीडला जातात, लातूरची लातूरला, कोकणातली कोकणात. शेवटच्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘गावाला कधी?’ आम्हाला गाव उरलेलं नाही. सासरे कारखान्यात लागले तेव्हाच ते सुटलं, आणि ज्या काही दगड-विटा राहिल्या होत्या त्या भाऊबंदांनी सांभाळून घेतल्या. त्यामुळे आमचा शटडाऊन वर्षानुवर्षं गॅलरीत कांदे पसरण्यात गेला.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. आमच्या ह्यांना मी नावाने हाक मारत नाही. मारली तरी आता ऐकू जाणार नाही, पण कारण ते नव्हे, सवय आहे. हे प्रेस शॉपमध्ये होते. पोलादी पत्रा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस धाडकन खाली येते आणि पत्र्याचा गाडीचा भाग होतो. दिवसभर धाड, धाड, धाड. लग्नानंतर एकदा कंपनीच्या कौटुंबिक कार्यक्रमात मी तो विभाग बघितला होता. पाच मिनिटांत मी कानांवर हात ठेवून बाहेर आले. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण बोळे घातले की बाजूचा काय ओरडतोय ते कळायचं नाही, म्हणून ते सगळ्यांच्या खिशात असायचे.

तिथे बोलणं चालायचं ते खुणांनी. ओठाशी दोन बोटं म्हणजे चहा. खांद्यावर बोटांनी पट्टी ओढली की साहेब येतोय. पोरगी झाली, पोरगा झाला, बायको भांडून गेली, या सगळ्याला खुणा होत्या. त्यातली सगळ्यात मोठी खूण दोन्ही तळहात छातीपुढे उभे धरायची. मोठ्या प्रेसवर दोघं समोरासमोर काम करतात. पत्रा आत सरकवला की समोरच्याने तळहात दाखवायचे. म्हणजे, माझे हात बाहेर आहेत, आता बटण दाब. ते तळहात दिसल्याशिवाय ह्यांनी कधी बटण दाबलं नाही. ह्यांच्यासमोर मोशीचे बाळूभाऊ असायचे. दोघांचीही दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत याचा ह्यांना जेवढा अभिमान आहे, तेवढा हे घर बांधल्याचाही नाही.

बोटं राहिली, कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग मी भाजी काय करू विचारलं की ‘हो’ म्हणायला लागले. निवृत्त झाले तोवर शेजारी उभं राहून ओरडलं तरच काहीतरी पोचायचं. कानाचं मशीन घेतलं. ते लावलं की माझं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरची ओढलेली खुर्ची, हायवेचे हॉर्न. दोन आठवड्यांत मशीन ड्रॉवरमध्ये गेलं.

तरीही हे फिरत होते. बाजारात, लग्नाकार्यात, विहारात. मग ती बुद्धपौर्णिमा आली. विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला होता, खिरीचा वास सुटला होता, सगळे एका लयीत वंदना म्हणत होते. हेही डोळे मिटून म्हणत होते. लहानपणापासूनची पाठ वंदना, तिला कान कशाला लागतात? पण लय ऐकायला कान लागतात. हे पुढे निघून गेले. बाकीचे अजून मध्यावर असताना ह्यांनी भरल्या आवाजात शेवटचं ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. पोरं फिसकन हसली. एक-दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी डोळे उघडले, सगळ्यांचे ओठ अजून हलताना बघितले, आणि शांतपणे उठून चपला घालून घरी आले.

त्या दिवसापासून हे घराबाहेर पडेनासे झाले. विहार नाही, लग्न नाही, चाकणचा कांदेबाजार नाही, कोपऱ्यावरचा चहासुद्धा नाही. बँक माझ्याकडे, बाजार माझ्याकडे, दारात आलेल्या माणसाशी बोलणं माझ्याकडे. माझी ना नव्हती. मला बोलायला आवडतंच. पण कामावरून आले की हे त्याच खुर्चीत, त्याच खिडकीपाशी बसलेले दिसायचे, आणि मला वाटायचं, हा माणूस असाच बसून राहिला तर? मला त्याचीच भीती होती, बाकी कशाची नव्हती.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं आहे. साच्यांचं पोलाद विकणाऱ्या कुठल्याशा व्यापाऱ्याने दिलेल्या कॅलेंडरचं पान. जैसलमेरचा किल्ला, वर स्वच्छ निळं आभाळ. ‘रिटायर झालो की जाऊ,’ असं हे साडी काढताना मला दर वेळी सांगायचे. साडी मी काढायचे, सांगायचे हे. गेल्या वर्षी शटडाऊनची नोटीस लागली तशी मी त्या पानावर बोट ठेवलं आणि तोंड मोठं करून म्हणाले, “जाऊ या!”

“मी नाही येत.”

“का?”

“तिथं कोणी काही विचारलं तर काय करू? तुझ्या तोंडाकडे बघत गावभर फिरू?”

“मग मी एकटी जाते!”

“जा.”

माणसं रागाने माहेरी जातात, मी जैसलमेरला गेले. माहेर काय, चिंचवडलाच आहे. रिक्षाने गेले असते आणि संध्याकाळी परत यावं लागलं असतं.

प्रज्ञा वाकडला उंच इमारतीत राहते. तिला ऊन काचेतून दिसतं. ती फोनवर ओरडली, “मम्मी, एकटी? आणि मे महिन्यात? वाळवंटात? अगं, भाजून निघशील!”

“तिकीट तू काढतेस की मी एजंटकडे जाऊ?”

तिने काढलं. पोर शहाणी आहे, आईच्या आवाजावरून तिला कळतं.

निघायच्या सकाळी हे कांद्यांच्या चादरीशी उकिडवे बसले होते. एक उचलायचे, दाबून बघायचे, ठेवायचे. शेवटी एक लहान, घट्ट, बारीक मानेचा कांदा निवडला आणि माझ्यापुढे धरला. उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा हवाच, ऊन आधी कांद्याला लागतं आणि मग माणसाला, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत नाही. मी मुद्दाम खिसा शिवून घेतलेल्या ड्रेसमध्ये तो टाकला. अजून रागातच होते. रिक्षात बसताना वर बघितलं तर हे गॅलरीत उभे होते, दोन्ही तळहात छातीपुढे उभे धरून. माझे हात बाहेर आहेत, चालू कर. मी तोंड फिरवून रिक्षावाल्याला चल म्हटलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

जैसलमेरच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर भाकरी उलटताना तव्यावरून तोंडावर येते तशी हवा आली. शहर मात्र बघत राहावं असं. भाजलेल्या बेसनाच्या रंगाची घरं, त्याच रंगाच्या पायऱ्या, त्याच रंगाचा किल्ला. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड बुरूज येतो आणि पायथ्याची पिठलं-भाकरी येते. इथे किल्ल्यात माणसं राहतात. बुरुजाला दोरी बांधून कोणी कपडे वाळत घातलेले, बोळात स्कूटर लावलेली, कुठल्या तरी नक्षीदार खिडकीआड फोडणी तडतडलेली. मी जिथे खोली घेतली होती तेही किल्ल्यातलंच एक घर होतं. घरमालक कूलरपुढे आडवा होता. मला बघून उठला आणि माझ्यामागे अजून कोण येतंय ते बघत राहिला. कोणी येईना तेव्हा म्हणाला, “मॅडम, मई में तो हम भी यहाँ से भाग जाते हैं!”

त्याला शटडाऊन कसा समजावणार? मी म्हटलं, “हमारी छुट्टी तभीच होती है.”

कंपनीत जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. चालायचं ते दोन पट्ट्यांच्या मधूनच, बाहेर पाय टाकला तर सुपरवायझर शिट्टी मारतो. इतकी वर्षं असं चालल्यावर मोकळ्या बोळात मला पाय कुठे टाकावा ते कळेना. मग सापडलं. भिंतीच्या कडेने सावलीचा एक अरुंद पट्टा जात होता. तिथली कुत्री त्यातून चालत, गाई त्यात उभ्या राहत, आणि आता मीही त्यातून चालायला लागले. समोरून गाय आली की आमच्यातलं कोणी तरी एक उन्हात उतरायचं. बहुतेक मीच उतरायचे. दुपार चढत गेली तसा तो पट्टा भिंतीला चिकटत चिकटत नाहीसा झाला, आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. एका हाताने खिशातला कांदा धरला होता. सगळं गाव दारं लावून आत होतं. मला कोणाशी तरी बोलायचं होतं. खरं तर एकाच माणसाशी बोलायचं होतं.

फोन लावला. व्हिडिओ कॉल. बराच वेळ वाजला, शेवटी ह्यांना त्याचा उजेड दिसला असावा, आणि पडद्यावर एक कान आला. भला मोठा कान, त्यातले पांढरे केस, मागे आमच्या गॅलरीचा पत्रा. सवयीने ह्यांनी फोन उचलून कानाला लावला होता. ज्या कानात काही जात नाही तो कान माझ्यासाठी तसाच धरून हे वाट बघत होते. मी ‘अहो, तोंडापुढे धरा’ असं त्या कानाला सांगत बसले. हसू येत होतं. राग तिथेच, त्या पायरीवर संपला. नंतर आणलेला सगळा उसना होता.

शेवटी फोन फिरला आणि चेहरा आला. मी सुरू झाले. प्रवास, घरमालक, गाई. हे बघत राहिले आणि मग म्हणाले, “बोलू नको. नुसतं दाखव.”

मी फोन उलटा धरला आणि चालू लागले.

त्यानंतरचे दिवस मी असेच काढले. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी ते उतरल्यावर. तोंड बंद, फोन पुढे. आयुष्यात एवढी गप्प मी कधी राहिले नव्हते. गप्प राहिलं की दिसायला लागतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर गणपती रंगवलेले होते आणि त्याखाली नवरा-नवरीचं नाव, लग्नाची तिथी. पत्रिका वाटायची नाही, भिंतीवर लिहायची, वाचेल त्याला आमंत्रण. हे सगळं मी दाखवत होते, आणि हे पलीकडे ओठ हलवत नावं वाचत होते. एका बोळात एक दुकानदार म्हणाला, “आंटी, रील बना रहे हो?” मी मान हलवली. नवऱ्याला फिरवतेय, हे त्याला कुठे सांगत बसू?

एकदा मी किल्ल्याच्या भिंतीशेजारून जात होते आणि फोनमधून एकदम मोठा आवाज आला, “थांब!”

दचकून थांबले.

“जवळ ने. अजून. तो सांधा बघू.”

दोन अजस्र दगड एकमेकांवर बसवलेले होते. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. मी नख घालून बघितलं, नख जाईना. ह्यांनी चेहरा इतका पुढे आणला की पडद्यावर नुसता एक डोळा उरला. किती तरी वेळ तो डोळा दगडाचा सांधा बघत होता. आयुष्यभर साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसवलेला माणूस. मग चेहरा मागे गेला, आणि ह्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. माल पास. हे खिडकीपाशी बसायला लागल्यापासून ती खूण मी बघितली नव्हती.

दुपारी मी घरमालकाच्या आईजवळ बसायचे. सगळे तिला दादीसा म्हणायचे. जाड भिंतींच्या एका अंधाऱ्या खोलीत माठ, एक चटई आणि दादीसा. पहिल्या दुपारी मी गप्पांना सुरुवात केली तर तिने ओठांवर बोट ठेवलं. “दोपहर में कौन बोलता है? बोलने से प्यास लगती है.” मग आम्ही नुसत्या बसून राहायचो. बाहेर वारा आणि आत काहीच नाही. सायरन नाही, कंप्रेसर नाही, कंपनीच्या बसचा रिव्हर्सचा आवाज नाही, मिक्सर नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली. इतकं गप्प, की समोरच्या बाईचे ओठ हलले तर ती मलाच काही म्हणाली का, हे बघायला मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग कळलं की हे रोज असेच बसलेले असतात. मी कामावर जाते, बोलते, भांडते, परत येते, आणि हे दिवसभर अशा खोलीत. मला तिथे रडू आलं. दादीसाने माठातलं पाणी दिलं.

ऊन उतरलं की ती बोलायची. शेवटच्या दिवशी आम्ही गच्चीवर होतो. पलीकडच्या गच्चीवरची बाई आणि दादीसा हातांनीच काहीतरी बोलत होत्या. मधल्या बोळावरून ओरडायचं कशाला? दूध आलं का, सून आली का, सगळं हातांनी. मी बघत राहिले. मग दादीसा माझ्याकडे वळली.

“आदमी नहीं है तेरा?”

“है ना. घर पे है. सुनाई नहीं देता, इसलिए आता नहीं कहीं.”

ती माझ्याकडे असं बघायला लागली की माझंच काहीतरी चुकलं असावं. “जैसलमेर देखने का है. सुनने का थोड़े ही है!”

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या खिशाच्या फुगवट्याकडे गेलं. मी कांदा काढून दाखवला. प्रवासात त्याची वरची सालं गळून गेली होती, आता आतला गुलाबी तुकतुकीत रंग दिसत होता. दादीसा खो-खो हसली, आणि तिने आपल्या कुर्तीच्या खिशातून स्वतःचा कांदा काढला. तिथेही तीच रीत! माझा कांदा तिने हुंगला, दाबला. “कहाँ का है?”

“चाकण का.”

चाकण कुठे आहे ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिने तो आपल्या खिशात टाकला आणि तिचा माझ्या हातात ठेवला. “ये उसको देना. बोलना, अगली बार जेब में डालके खुद लेके आए.”

तो कांदा मी जपून आणला. दोन गाड्या, भयंकर गर्दी, पण एक हात सतत त्या खिशावर. ह्यांच्यासमोर तो कसा ठेवायचा, दादीसाचा निरोप हातवारे करून कसा सांगायचा, याची रेल्वेच्या आरशात मी तालीमही केली होती. घरी पोचले, कांदा ओट्यावर ठेवला, आंघोळ केली, जरा टेकले ती झोपूनच गेले. उठून बघते तर हे जेवत होते. ताटात भाकरी, ठेचा, आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

“अहो! तो कांदा!” मी ओरडले.

“तिखट होता,” हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग भाकरीसमोर बसून तोंडाने, हातांनी, खुणांनी दादीसाचा सगळा निरोप सांगितला. खिसा दाखवला, गच्ची दाखवली, दोन बायकांचं हातांनी चाललेलं बोलणं दाखवलं. तिथल्या दुपारी किती शांत असतात तेही सांगितलं. हे घास हातात धरून बघत होते.

“मग तिथं कानाचं मशीन चाललं असतं,” एवढंच म्हणाले आणि उरलेला घास खाल्ला.

‘चाललं असतं.’ हा शब्द मला वर्षभर टोचत राहिला. वाटलं होतं, एवढं दाखवलं, आता हे उठतील. नाही उठले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. खुर्ची तीच, खिडकी तीच. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून एकटीच विहारात गेले आणि ह्यांच्यासाठी डब्यातून खीर आणली. एक फरक तेवढा पडला. घरात मी ओरडणं कमी केलं. चहा हवा का, तर ओठाशी दोन बोटं. प्रज्ञा येते तेव्हा हसते. म्हणते, “मम्मी, तुझा आवाज बसलाय का?”

शटडाऊनची नोटीस यंदाही लागली, मी विषय काढला नाही. परत ‘जा’ ऐकायची ताकद नव्हती.

आता परवाची गोष्ट, गोणी कशी आली ती. बाळूभाऊ दर वर्षी टेम्पो घेऊन चाकणच्या बाजाराला जातात आणि जाताना आमच्या दारात येऊन उभे राहतात. हातांनी गोणीचं तोंड आवळल्याची खूण करतात. म्हणजे, चल कांद्याला. विहारातल्या त्या प्रसंगानंतर मागचे दोन्ही उन्हाळे हे मान हलवून नाही म्हणाले, आणि बाळूभाऊ मला म्हणाले, “ह्यो न्हाई यायचा वहिनी. पन मी इचारायचं सोडनार न्हाई.” गेल्या वर्षीचा कांदा चाकणचाच, पण मी दारावरच्या गाडीवरून घेतला होता, त्यात निम्मा नासका निघाला. यंदाही बाळूभाऊ आले, खूण केली. हे खुर्चीतून उठले आणि चपला शोधू लागले. बाळूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांपैकी कोणी शब्द काढला नाही, जणू बोललो तर हे परत बसतील.

दुपारी दोघं परत आले, सदऱ्यावर कांद्याची धूळ. बाळूभाऊ गोणी गॅलरीत टाकत म्हणाले, “लिलावात ह्यो गोंधळ, वहिनी! कुनालाच काय ऐकू येत न्हवतं. ह्यो एकटाच नीट बोलला, बोटांनी. मान्सं आमच्याकडंच बघाया लागली.”

“व्हय?” मीही त्यांच्याच सुरात म्हणाले, आणि आत जाऊन डोळे पुसून आले.

बाळूभाऊ चहा पिऊन गेले. मी चादर पसरली, कांदा हातात घेतला आणि तशीच बसून राहिले, ते वर सांगितलंच. हे पलीकडे उकिडवे बसले होते. एक उचलायचे, दाबायचे, ठेवायचे. बऱ्याच वेळाने दोन कांदे बाजूला काढले, लहान, घट्ट, बारीक मानेचे. सदऱ्याच्या टोकाने पुसले. एक माझ्यापुढे ठेवला. दुसरा स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. खिसा खाली ओघळला.

“म्हातारीचा कांदा खाल्ला मी,” हे म्हणाले. ह्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. “परत द्यायला पाहिजे.”

मला किती तरी बोलायचं होतं. तिकीट, प्रज्ञा, ड्रॉवरमधलं मशीन, सावलीचा पट्टा, समोरून गाय आली तर काय करायचं. हे माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मी तोंड उघडलंच नाही. हातातला कांदा खाली ठेवला आणि दोन्ही तळहात छातीपुढे उभे धरून त्यांना दाखवले.